वाया

भांडं लावून बटण फिरवलं की आधी घरघर, मग खाली निळसर ठिणगी, मग जळका वास. आमच्या मिक्सरचं हे तीन दिवस चाललं होतं. चौथ्या दिवशी ओल्या खोबऱ्याची चटणी अर्धी वाटून झाली आणि त्याने राम म्हटला. मी तो जुन्या ओढणीत गुंडाळला (मिक्सर मावेल अशी पिशवी घरात ऐन वेळी कधीच सापडत नाही) आणि नारायण पेठेतल्या एका दुकानात घेऊन गेले. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. पुढे एक टेबल, मागे भिंतीला टांगलेले कपलर, पट्टे, कुकरच्या शिट्ट्या, आणि टेबलाशी तिशीचा एक मुलगा. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. तिथल्या मुलांच्या चपला जिन्यावरून ओघळत थेट दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येतात, त्यामुळे गिऱ्हाईक कोण आणि विद्यार्थी कोण हे चपलांवरून कळत नाही.

त्याने मिक्सर आडवा केला. दोन्ही बाजूंच्या बारीक टोप्या स्क्रू ड्रायव्हरने सैल केल्या, तशी एका बाजूने स्प्रिंग उडी मारून बाहेर आली. तिच्या टोकाला काळा, पेन्सिलीच्या शेवटच्या तुकड्याएवढा ठोकळा. "कार्बन गेलेत, काकू. नवा एवढा असतो," म्हणून त्याने करंगळीचं पेर दाखवलं. मग आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर पॉलिश पेपर फिरवला. काळ्याची तपकिरी झाली, तपकिरीची लालसर. फुंकर मारली, काळी पूड टेबलावर उडाली. हात घाईत नव्हता आणि उगाच कुठे थांबतही नव्हता. तेवढ्यात जिन्यावरून एक पोरगा वाकला. "दादा, जिल्हा नियोजन समिती कुठल्या कलमात?" मान वर न करता हा म्हणाला, "२४३ झेडडी. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती." पोरगा गेला. याने नवा कार्बन बसवला.

मग साहजिकच मी चौकशी केली. परभणीकडचा. राज्यसेवेसाठी पुण्यात आलेला. सात वर्षं काढली. प्री चार वेळा निघाली, मेन्स दोनदा दिली, शेवटच्या वेळी तीन मार्कांनी गेलं. रूमवरचे दोघे लागले, एक नायब तहसीलदार झाला, एक विक्रीकरात गेला. अभ्यासिकेचे पंखे बिघडायचे ते हाच उघडून बघायचा, तिथून खालच्या मालकाशी ओळख झाली आणि आता दीड वर्ष इथे. हे सगळं तो अगदी बातम्या सांगाव्यात तसं सांगत होता. आणि मी, साठ वर्षं पूर्ण केलेली, बँकेतून निवृत्त झालेली, चार शहाण्या माणसांत ऊठबस असलेली बाई, पटकन म्हणून गेले, "अरेरे, सात वर्षं वाया गेली की रे."

तो काही बोलला नाही. टोपी घट्ट केली, बटण फिरवून आवाज ऐकवला आणि म्हणाला, "एकशे ऐंशी झाले."

घरी येऊन उरलेली चटणी वाटली. छान बारीक झाली.

आमच्या घरात 'वाया' हा शब्द जपून वापरायचा असतो. आदल्या रात्रीची पोळी वाया जाऊ द्यायची नाही, तिचा सकाळी कुस्करा होतो. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब होतात. अन्न, कागद, पाणी यांच्या बाबतीत आमचा हात इतका आखडता, आणि माणसाच्या सात वर्षांबद्दल बोलताना मात्र मी तो शब्द किती सैल सोडला. हेच तीन-चार दिवस डोक्यात फिरत राहिलं. त्याच्या न बोलण्यापेक्षा त्या 'एकशे ऐंशी झाले'चा सूर जास्त टोचत होता. त्याच्या कामाची किंमत त्याला सांगता येत होती. मी काढलेल्या किमतीवर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, किंवा असलं तरी ते मला द्यावंसं वाटलं नसेल.

आणि हे माझ्याकडून व्हावं, याची गंमत अशी की बँकेत काही वर्षं मी शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर काढली आहेत. चार लाखांपर्यंत तारण नाही, चार ते साडेसात लाखांना तिऱ्हाइताची हमी, त्यावर घर, प्लॉट, एफडी असं काहीतरी दाखवायचं, ही आमची तेव्हाची साधारण चौकट. एकदा इंदापूरकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. सातबारा सामायिक, भावांच्या सह्या मिळण्यासारख्या नव्हत्या. बराच वेळ कागद उलटेपालटे करून ते हसत म्हणाले, "मॅडम, मग ही पोरच तारण ठेवा की." आम्ही सगळे हसलो. मुलगी हसली नाही. नंतर मला वाटत राहिलं की त्या माणसाने अर्थशास्त्रातला एक जुना पेच सहज बोलून दाखवला होता. ट्रॅक्टरचं कर्ज थकलं तर ट्रॅक्टर ओढून नेता येतो. मुलीच्या डोक्यात जे काही साठवलं त्याचा लिलाव कोण करणार? अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: गुलामगिरी नसलेल्या समाजात माणूस तारण राहत नाही, म्हणून माणसावरच्या गुंतवणुकीला बाजारातून पैसा कमी पडतो. त्यावर त्यांनी सुचवलेला उपायही सावकारीच होता, शिकणाऱ्याच्या पुढच्या कमाईत वाटा घ्यायचा. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. फाइल दुसऱ्या शाखेत गेली.

माणसाचं शिक्षण आणि कसब हेच भांडवल, अशा अर्थाचा मानवी भांडवल हा शब्द मला बी.ए.ला असताना आवडला नव्हता. मराठीत भांडवल करणं म्हणजे काय ते आपल्याला माहीत आहे. कुणाच्या मरणाचं भांडवल करू नका, म्हणतो आपण. तिकडेही फार वेगळं नव्हतं. १९६० च्या डिसेंबरात अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांच्या परिषदेत अध्यक्षीय भाषण करताना थिओडोर शुल्ट्झ यांना आधी हाच संकोच दूर करावा लागला होता, की माणसाला भांडवल म्हटल्याने त्याची किंमत उतरत नाही. त्यांची एक गोष्ट सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या दक्षिणेत फिरताना त्यांना एक म्हातारं, गरीब शेतकरी जोडपं भेटलं. एवढं दारिद्र्य असून चेहऱ्यावर समाधान कसलं, असं विचारल्यावर ती दोघं म्हणाली, आम्ही गरीब नाही. शेत झिजवून आम्ही चार मुलांना कॉलेजात शिकवलं. शुल्ट्झ यांच्या डोक्यात विचाराची ठिणगी तिथे पडली म्हणतात. पुढे १९७९ साली नोबेल मिळालं.

माझ्या आजोबांनीही बैल विकले होते. जुन्नर तालुक्यातलं गाव, चार एकर कोरडवाहू, आणि थोरला मुलगा, म्हणजे माझे वडील, पुण्याला आयटीआयला घालायचा. खोलीभाडं, खाणावळ, हत्यारं. ओतूरच्या बाजारात जोडी गेली. त्यानंतर तीन हंगाम आजोबांनी भाड्याच्या औताने शेत केलं. फरक एवढाच, की त्या अमेरिकन म्हाताऱ्यासारखे ते समाधानी वगैरे दिसायचे नाहीत. बाबांना पिंपरीला नोकरी लागली, घरी मनिऑर्डर येऊ लागली, गावातल्या घराला पत्रे जाऊन कौलं आली, तरी शेवटपर्यंत ते त्या बैलांची नावं घ्यायचे. ढवळ्या आणि हरण्या. एकदा मी म्हणाले, आजोबा, बैल विकले म्हणून तर बाबा शिकले ना? तर म्हणाले, "शिकला ना. पन हरण्या लई शाना हुता."

बाबांना कारखान्यात आल्यावर पहिले काही आठवडे एकच काम होतं. लोखंडाचा एक ओबडधोबड ठोकळा आणि एक कानस. घासायचं. तळ सपाट झाला की त्यावर गुण्या उभा धरून उजेडाकडे बघायचं. फटीतून उजेड दिसला तर परत घासायचं. ते सांगायचे, सुरुवातीला दिवाळीसारखा लखलखाट दिसायचा, मग हळूहळू एक रेघ, मग रेघेचा केस, आणि एक दिवस अंधार. त्या अंधारावर त्यांचं आयुष्यभर प्रेम होतं. घरी कपाटाचं दार जरा वाकडं बसलं तरी ते डोळा बारीक करून फटीतून उजेड बघत. लग्नसमारंभात पाट मांडले तरी तेच. पुढे पुढे मायक्रोमीटर लावण्याआधी बोटांना कळायचं की जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, जास्त झालाय की कमी. एक शंभरांश मिलिमीटरचा आकडा मायक्रोमीटर दाखवतो. बोटं आकडा दाखवत नाहीत, पण 'अजून एक हात मार' एवढं सांगतात.

हे शिकवायला कारखान्याने पैसे घातले. का घातले, हा प्रश्न मला बँकेत गेल्यावर पडला. शिकून तयार झालेला माणूस उद्या शेजारच्या कारखान्यात गेला तर? अर्थशास्त्रात गॅरी बेकर यांनी हाच हिशेब मांडला: जे कौशल्य कुठेही चालतं त्यावर मालक आपण होऊन खर्च करत नाही, शिकणाऱ्यालाच तो कमी पगारातून सोसावा लागतो. आपल्याकडे म्हणूनच १९६१ चा शिकाऊ उमेदवारांचा कायदा आला आणि कारखान्यांना उमेदवार घ्यावेच लागले. माणसं गेलीही. बाबांच्या बॅचमधल्या दोघांनी भोसरीत शेड टाकली, एक लेथ, एक ड्रिल, आणि ज्या कारखान्यात शिकले त्यालाच बुश पुरवू लागले. कारखान्याच्या दृष्टीने ते गेले. भोसरीच्या दृष्टीने ते आले. पिंपरी-चिंचवडचा विस्तार कशाने झाला असं कुणी विचारलं की लोक जमीन, पाणी, मुंबईचा रस्ता, एमआयडीसी असं सांगतात, तेही खरं आहे. पण मला त्या दोघांच्या हातातली कानस आठवते.

१९९३ साली बाबांच्या शॉपमध्ये संगणकावर चालणारं सीएनसी मशिन आलं. बाबा त्रेपन्न वर्षांचे. पंधरा दिवसांचं ट्रेनिंग, शेजारी पोरगेल्या डिप्लोमावाल्यांची रांग. बाबा पहिल्या दिवशी घरी आले ते वही टेबलावर आपटूनच. हात वापरायचा नाही, चाक फिरवायचं नाही, बटणं दाबून आकडे भरायचे. एक्स एवढा, झेड एवढा. आणि झेडच्या मागे उणे. हत्यार जॉबकडे चाललंय, तर आकडा उणे कसा? हे त्यांना काही केल्या पटेना. 'पुढं चाललोय आन् म्हनं वजा.' बाबा चिडले की जुन्नरची भाषा वर यायची.

आई पोळ्या लाटत होती. तिने हात पुसले, देवापुढची रांगोळीची वाटी आणली आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर दोन रेघा काढल्या, एक आडवी, एक उभी. छेदतात तिथे चिंचोका ठेवला. "हा शून्य. तुमच्या जॉबचं तोंड." मग लाटणं आडवं धरून म्हणाली, "हे हत्यार. तोंडापर्यंत आलं की शून्य झालं. आता आत शिरायचं, तर शून्याच्या पलीकडे जाणार ना? म्हणून उणे." बाबा फरशीवर बसले. दहा-बारा दिवस रोज रात्री फरशीवर रांगोळी होती. भूमितीतले आलेख आईने १९६१ च्या अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला, केले होते. मधल्या बत्तीस वर्षांत तिला ते कुणी विचारले नव्हते. बाबांनी त्या मशिनवर पाच वर्षं काम केलं आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी सन्मानाने बाहेर पडले. त्यांच्याबरोबरच्या तिघांनी त्या काळात स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. कारखान्याच्या कुठल्या खतावणीत आईची रांगोळी लिहिलेली नाही.

शुल्ट्झ यांनी १९७५ च्या एका लेखात म्हटलंय की शिक्षणाची खरी किंमत घडी मोडते तेव्हा कळते. सगळं जिथल्या तिथे चालू असताना अडाणी शेतकरीही वाडवडिलांच्या अनुभवावर उत्तम शेती करतो. बियाणं बदललं, भाव बदलले, यंत्र बदललं, की नवी घडी बसवायला शिकलेला माणूस लागतो. हे वाचलं तेव्हा मला आईचीच आणखी जुनी गोष्ट आठवली, जी मी माझ्या आजीकडून शंभरदा ऐकली होती. १ एप्रिल १९५७. आणे जाऊन नवे पैसे आले. आई तेरा वर्षांची, सातवीत. नारायण पेठेतला वाडा, नदीच्या अंगाचा, अकरा बिऱ्हाडं. रुपयाचे सोळा आणे होते, आता शंभर पैसे. मग आण्याचे किती? सव्वासहा. पण वरचा पाव पैसा कोण देणार? म्हणून एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, चार आण्यांना पंचवीस. तीन आण्यांना अठरा का नाहीत, यावर दूधवाला आणि वाड्यातल्या बायका यांची रोज सकाळी जुंपायची. आईने पुठ्ठ्यावर शाईने तक्ता करून जिन्याच्या खांबाला लावला आणि खाली सव्वासहाचा पाढाही लिहिला. आजी म्हणायची, त्या वर्षी दूधवाला आधी तक्त्याकडे बघायचा आणि मग पैसे मागायचा.

तो तक्ता, वाड्याचा जिना आणि आईचं अकरावीचं सर्टिफिकेट हे सगळं १२ जुलै १९६१ ला गेलं. पानशेत. निकाल लागून काही आठवडेच झाले होते. फर्स्ट क्लास होता. ती सगळी माणसं टिळक रस्त्याच्या बाजूला पळाली म्हणून वाचली, वाडा राहिला नाही. पुराबद्दल पुण्यात प्रत्येक घरात एक कहाणी आहे, ती मी इथे लांबवत नाही. पण इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांचं एक म्हणणं मला त्या पुराशी जोडावंसं वाटतं. लढायांनी उद्ध्वस्त झालेले देश इतक्या लवकर पुन्हा उभे कसे राहतात याचं लोकांना आश्चर्य वाटतं. मिल म्हणाले, आश्चर्य कसलं, माणसं आणि त्यांच्या अंगचं कसब जागेवर असतं, बाकीचं तसंही काही वर्षांत झिजून नव्याने करावंच लागलं असतं. हे त्यांनी लिहिलं १८४८ मध्ये. त्याच साली, इथून चालत दहा मिनिटांवर बुधवार पेठेत, भिड्यांच्या वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. मिल आणि फुले यांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नव्हतं.

पण मिलच्या हिशेबात कागद नाही.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या घराजवळच्या एका बालवाडीत जागा निघाली. आईला जायचं होतं. त्यांनी सर्टिफिकेट मागितलं. बोर्डातून दुसरी प्रत काढता आली असती. अर्ज, शपथपत्र, दोन-तीन खेटे. बाबा म्हणाले, बघू. आजी आजारी होती, धाकटा भाऊ लहान होता, बाबांची शिफ्ट बदलत होती. बघू-बघू करता जागा भरली. त्यानंतर आईने चाळीतल्या चार-पाच मुलांचं गणित घ्यायला सुरुवात केली, फुकट. कुणी दिवाळीला ब्लाऊजपीस दिला तर दिला. त्यांतले दोन इंजिनिअर झाले, एक मुलगी सीए. मी बँकेत लागल्यावर मैत्रिणींना सांगायचे, आमची आई भयंकर हुशार, पण वाया गेली. एकदा ती दारातच उभी होती. मैत्रीण गेल्यावर काही बोलली नाही. म्हणजे हेही मी त्या मुलाच्या आधी एकदा केलेलं आहे.

रांगोळीची गोष्ट मी लोकांना फार रंगवून सांगते. आई असताना तिच्यासमोरही सांगायचे. ती शेवटच्या आजारात होती तेव्हा एका डॉक्टरीणबाईंना सांगितली. त्या गेल्यावर आई छताकडे बघत म्हणाली, "तू छान सांगतेस. पण मला पगार हवा होता गं."

त्या वाक्यापुढे माझी सगळी अर्थशास्त्राची वाचनं उघडी पडतात. तिचं ज्ञान वाया गेलं नाही, बाबांना उपयोगी पडलं, मुलांना उपयोगी पडलं, माझ्यात उतरलं, हे सगळं बरोबर. पण ते बोलायची सोय आमची. तिला महिन्याच्या एक तारखेला स्वतःच्या सहीने नोटा मोजून घ्यायच्या होत्या.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन केलं त्यात हिशेबाचीच भाषा आहे. सरकारच्या तिजोरीतला मोठा भाग रयतेच्या कष्टातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांसाठी, वरच्या शिक्षणावर होतो. म्हणून निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. गोखल्यांनी १९११ मध्ये कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेही किती सावध, स्थानिक संस्थांना हवं तर, फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आणि तेही आधी मुलगेच. पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. शिक्षण हक्क कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. नव्याण्णव वर्षं. (ही वजाबाकी मी तीनदा करून पाहिली, कारण उत्तर खरं वाटेना.) भिडे वाडाही आता उरलेला नाही. स्मारकासाठी तो २०२३ च्या डिसेंबरात एका रात्रीत पाडला.

आणि आता मुलं शिकली आहेत. रात्री साडेदहाला सदाशिव, नारायण, शनिवार कुठल्याही पेठेत फिरून या. अभ्यासिकांच्या खिडक्या उजळलेल्या असतात. आत प्लायवूडचे कप्पे, कप्प्यात एक ट्यूब, एक चार्जर, कडेला चिकटवलेली महाराष्ट्राच्या नद्यांची यादी. खाली चहाच्या टपरीवर कटऑफची चर्चा. कुणाची पोस्ट निघाली, कुणाचा शेवटचा अटेम्प्ट, कम्बाइनची जाहिरात कधी येणार. अप्पा बळवंत चौकात गाईडांचे ढीग. परभणी, बीड, नंदुरबार, सांगोला, जत. कुणाचे बैल गेलेत, कुणाचं रान. २०२३ साली परीक्षेचा पॅटर्न बदलणार म्हणून अलका टॉकीजच्या चौकात ही मुलं रस्त्यावर बसली होती, तेव्हा मी रिक्षातून कडेने गेले होते आणि रिक्षावाला म्हणाला होता, "एवढ्यांनी मिळून एखादा कारखाना काढला असता." मी मान हलवली होती. कारखाना काढायला काय लागतं हे बँकेत राहून मला माहीत असूनही हलवली होती.

लँट प्रिचेट नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने २००१ मध्ये विचारलं होतं की एवढं सगळं शिक्षण गेलं कुठे? देशोदेशी शाळेची वर्षं भराभर वाढली, पण त्या प्रमाणात दर कामगारामागचं उत्पन्न वाढलेलं दिसेना. त्याने तीन शक्यता मांडल्या: शाळेत काही शिकवलंच गेलं नाही, शिकलेल्याला मागणी नव्हती, किंवा शिकलेली डोकी जिथे पैसा मिळतो पण नवं काही घडत नाही अशा जागी गेली. अभ्यासिकेच्या जिन्यावर उभं राहिलं की तिन्ही शक्यता एकदमच दिसतात. जागतिक बँकेचा मानवी भांडवलाचा एक निर्देशांक आहे, त्यात २०२० साली भारताचा आकडा ०.४९. म्हणजे तेव्हा जन्मलेलं मूल, पुरेसं शिक्षण आणि आरोग्य मिळालं असतं तर जेवढं काम करू शकलं असतं, त्याच्या ४९ टक्केच करेल. आणि ही झाली कुवत. ती कुवत कुणी वापरली का, हा पुढचा प्रश्न, त्यासाठी त्यांनी त्याच अहवालात वेगळा निर्देशांक मांडला. आईला ती दोन्ही कोष्टकं दाखवली असती तर तिने दुसऱ्यावर बोट ठेवलं असतं.

दोन आठवड्यांनी मी परत त्या दुकानात गेले. मिक्सर उत्तम चालला होता, त्यामुळे जायला काही निमित्त नव्हतं. माफी मागायची असं ठरवून निघाले आणि जिन्यापाशी पोचेपर्यंत ते धैर्य गेलं. एका वाक्याची माफी मागायची तर ते वाक्य परत उच्चारावं लागणार.

टेबलाच्या कोपऱ्यात पुठ्ठ्याची पाटी होती, स्केचपेनने लिहिलेली. 'सर्व प्रकारचे अर्ज, माहिती अधिकार, वारसनोंद लिहून मिळेल. ५० रु.' एक म्हातारे आजोबा स्टुलावर बसले होते, हातात सातबाऱ्याची घडी. हा त्यांना फेरफाराचा क्रमांक कुठे असतो ते दाखवत होता. मागून दुकानाचे मालक कुरकुरले, "अरे, तो टेबलफॅन कधी होणार?" "होतो, मालक." आजोबांनी पन्नासाची नोट काढली, मग दोन दहाच्या काढल्या आणि म्हणाले, एवढ्यात बघा ना. मी मनातल्या मनात म्हटलं, सोडून दे रे. तो म्हणाला, "नाही आजोबा, पन्नासच." आजोबांनी नोट दिली. त्याने ती ड्रॉवरमध्ये न टाकता वरच्या खिशात ठेवली. ड्रॉवर मालकाचा होता.

मग माझी पाळी आली. "बोला काकू. आवाज करतो का परत?"

"नाही, छान चाललाय. एक अर्ज लिहून हवा होता. माहिती अधिकारातला." पटकन सुचेल ते सांगितलं, आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजच्या झाकणाबद्दल. ते झाकण खरोखरच चार महिने उघडं आहे, तेवढं तरी खरं होतं.

त्याने कोरा कागद ओढला, प्रति, जनमाहिती अधिकारी असं लिहिलं आणि मधेच थांबून माझ्याकडे बघितलं. "काकू, तुम्ही त्या दिवशी बँकेत होतात म्हणालात ना? तुम्हाला अर्ज लिहिता येत असेल की."

"अक्षर चांगलं नाही माझं," मी म्हटलं.

तो हसला की नाही ते मान खाली असल्यामुळे दिसलं नाही. झाकणाचा आकार विचारला, गल्लीत कुठल्या घरासमोर ते विचारलं, निविदेची प्रत आणि ठेकेदाराच्या देयकाची प्रत असे दोन मुद्दे स्वतःहून घातले, जे मला सुचले नसते. अक्षर सुरेख होतं, सात वर्षं उत्तरपत्रिकांसाठी घोटलेलं. "दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा," म्हणून त्याने कागद माझ्याकडे सरकवला. मी शंभराची नोट दिली. वरच्या खिशातून आजोबांची पन्नासाची काढून त्याने ती मला परत दिली आणि टेबलफॅन जवळ ओढला.